आबांचं अळणी भगोणं

आमच्या घरात एकाच रोगाची दोन माणसं होती. एक माझे सासरे आणि दुसरी माझी मोठी जाऊ. दोघांचे पाय सुजायचे, दोघांना चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची, आणि दोघांनाही उताणं निजलं की दम कोंडायचा. डॉक्टर एकच, औषध एकच, पथ्यही एकच. सासरे नातवाचं लग्न बघून गेले. जाऊ तिशीच्या आतबाहेर गेली. गावात म्हणाले, ज्याचं त्याचं नशीब. मी त्या घरात चूल सांभाळली आहे, त्यामुळे नशीब कुठल्या फडताळात ठेवलेलं असतं हे मला थोडंफार ठाऊक आहे.

आमचं गाव एरंडोलपासून बैलगाडीच्या वाटेवर. घरी कपाशी, ज्वारी, थोडा ऊस. खाऊनपिऊन सुखी घर. मी धुळ्याची, चार बुकं शिकलेली. माझ्या तोंडाला लगाम नाही असं माहेरीच ठरलं होतं, सासरी त्यावर फक्त शिक्कामोर्तब झालं. मोठी जाऊ दोंडाईच्याची. दोघी पश्चिम खानदेशातल्या म्हणून तिनं मला पहिल्या दिवसापासून आपल्या पदराखाली घेतलं. सासूबाई माझ्यावर डाफरल्या की ती मधे येऊन काहीतरी पाडायची, सांडायची, आणि बोलणी आपल्यावर ओढून घ्यायची. तिच्याइतका पितळी भांड्यांचा आवाज करणारी बाई मी पाहिली नाही.

सासऱ्यांना सगळं घर आबा म्हणे. त्यांच्याशी आम्ही सुना बोलत नसू. तशी रीतच होती. ओसरीवर त्यांचं ताट नेऊन ठेवायचं, पदर पुढे ओढलेला, नजर खाली. पाणी हवं असलं तर ते खाकरायचे. आबा वाईट माणूस नव्हते. उलट, इतका शांत माणूस आमच्या पंचक्रोशीत नव्हता. पण ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये जी भिंत होती तिच्या पलीकडे काय चालतं, हे त्यांना जन्मात कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. त्यांना वाटत असावं, भाकरी तव्यावर उगवते.

मिठावरून साऱ्या देशात गडबड चालली होती, त्याच्या मागच्यापुढच्या वर्षांतली ही गोष्ट. आबांचे पाय घोट्यापर्यंत सुजले, मग पोटऱ्यांपर्यंत. गावातल्या वैद्यानं काढे दिले. उतार पडेना तेव्हा मोठ्या दिरांनी जळगावहून डॉक्टर आणवला. डॉक्टरांनी आबांचा सदरा काढायला लावला, छाती तपासायची नळी पुढून लावली, मागून लावली, एकदा झोपवून आणि एकदा बसवून ऐकलं. लहानपणी काय काय दुखणी झाली, वडील कशानं गेले, तंबाखू किती, सगळं विचारलं. मग म्हणाले, "हृदय मोठं झालं आहे. थकलं आहे. त्याला आता कामाला लावायचं नाही."

डॉक्टर निघताना सासूबाईंना आठवलं की थोरलीचेही पाय सुजतात. आलेच आहेत तर तिलाही बघू देत. तिला दाराशी उभी केली. डॉक्टरांनी नळी लुगड्यावरूनच पाठीला एकदा टेकवली, कारण पुढून लावायची म्हटल्यावर सासूबाईंनी डोळे वटारले होते. प्रश्न विचारले ते मोठ्या दिरांना. त्यांना बिचाऱ्यांना बायकोची कपाशी वेचायची गती माहीत होती, धाप माहीत नव्हती. ती दहा-बारा वर्षांची असताना तापानं अंथरुणाला खिळली होती, एकामागून एक सांधे धरले होते, आणि तेव्हापासून छातीत धडधडतं, हे तिनं मला कधीच सांगितलेलं होतं. पण मला कोण विचारतो? डॉक्टर हातातली पिशवी सावरत म्हणाले, "यांचंही तेच दिसतंय. तेच औषधाचे थेंब, तीच विश्रांती. आणि दोघांनाही मीठ अजिबात नाही. मीठ पोटात गेलं की अंगात पाणी साठतं."

दुसऱ्या दिवसापासून आबांचं भगोणं वेगळं झालं. आमच्याकडे पातेल्याला भगोणं म्हणतात. एक लहानसं, कान तुटलेलं भगोणं होतं, ते आबांच्या अळणी भाजीसाठी ठरलं. भाकरीचा प्रश्न आला. आमच्या घरी रोजची भाकरी कळण्याची, आणि कळणा दळतानाच त्यात ज्वारी-उडदाबरोबर खडेमीठ टाकतात. म्हणजे मीठ पिठातच मुरलेलं. मग आबांसाठी नुसत्या ज्वारीचं दळण वेगळं. हे वेगळं दळण कोणी दळायचं आणि वेगळं भगोणं कोणी चढवायचं? थोरली सून, अर्थात. अळणी भाजीलाही चव यावी म्हणून ती त्यात कधी चिंच, कधी भाजलेल्या लसणाची पाकळी, कधी कोथिंबिरीच्या काड्या ठेचून घालायची. आबा ताट चाटूनपुसून साफ करायचे. महिन्याभरात त्यांची सूज उतरली आणि ते देवळापर्यंत चालत जायला लागले.

जाऊ आमच्याबरोबर कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खात होती.

मी तिला म्हटलं, "अगं, त्याच भगोण्यात मूठभर जास्त टाक ना. तू आणि आबा दोघं त्यातलंच खा."

"येडी शे का तू?" ती म्हणाली. "सासू ठेचा खाई आन सून दवाखानानं जेवण करी? लोक काय म्हनतीन?"

यात लोकांचा काही संबंध नव्हता. पण आमच्याकडे बाईनं दुसऱ्यासाठी चार चुली पेटवाव्यात, ते पुण्य. स्वतःपुरतं वाटीभर वेगळं शिजवावं, तर ती जिभेची लाडावलेली. मी एकदा शहाणपणा केला. डाळीत मीठ घालायच्या आधी तिच्यासाठी वाटीभर काढून चुलीमागे झाकून ठेवली. सासूबाईंची नजर घारीची. त्यांनी झाकण उचललं.

"हाई वाटी कोणनी शे?"

मी तोंड उघडायच्या आत जाऊ म्हणाली, "कोणनीच नही, माय," आणि तिनं ती डाळ आपल्या हातानं मोठ्या भगोण्यात ओतून पळीनं ढवळून टाकली. मला तिचा असा राग आला की मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. संध्याकाळी तिनंच मला खाकरून हाक मारली, अगदी आबांसारखी, आणि मला हसू आलं.

विश्रांतीचं म्हणाल तर ती तिला महिन्यातून एकदा मिळे, कोपऱ्यात बसायची वेळ आली की. तेवढे दिवस तिला कोणी पाणी भरायला सांगत नसे, दळायला सांगत नसे, आणि तेवढे दिवस तिला धाप कमी लागे. हृदयाच्या दुखण्याला विटाळ मानला असता तर माझी जाऊ बरी झाली असती, असं मी एकदा बोलून गेले. सासूबाईंनी माझ्याशी चार दिवस अबोला धरला, आणि खरं सांगायचं तर ते दिवस मला फार बरे गेले.

पायांची सूज वाढली तशी जावेची जोडवी रुतायला लागली. शेवटी तेल लावून, ओढून काढावी लागली. सवाष्णीच्या पायात जोडवी नाहीत म्हणून सासूबाई घाबरल्या. त्यांनी तिच्या बोटांना हळदीत बुडवलेला दोरा बांधला आणि जोडवी देवघरात ठेवली. त्या दुष्ट होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांना सुनेचे पाय दिसत होते. फक्त त्यांना त्यातली जोडवीच दिसत होती.

मग आषाढ आला. चातुर्मासात आमच्याकडे प्रत्येक बाईनं एखादी वस्तू सोडायची, कार्तिकापर्यंत ती तोंडात घालायची नाही. एकादशीच्या आदल्या दिवशी सगळ्या बायका चुलीपाशी बसून काय सोडणार ते सांगायच्या. सासूबाई दर वर्षी कारलं सोडत. कारलं त्यांना मुळात आवडत नसे, त्यामुळे देवालाही काही तोटा नव्हता आणि त्यांनाही. मी गूळ सोडायचं म्हटलं. जावेची पाळी आली.

"मी मीठ सोडस," ती म्हणाली.

"बठ्ठं?" सासूबाईंनी विचारलं, म्हणजे सगळंच का.

"बठ्ठं. भाकरीमातलं भी."

सासूबाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक आलं. असा कडक नेम घरात आजवर कोणी धरला नव्हता. त्यांनी गावभर सांगितलं. शेजारणी येऊन थोरलीच्या पाया पडून गेल्या. मी तिला मागच्या दारी गाठून विचारलं, हे देवासाठी का पायांसाठी?

"देवले बठ्ठं दिखस," ती म्हणाली. "तू नको बोलू."

मी बोलले नाही. माझ्या आयुष्यात मी जी थोडी गुपितं सांभाळली त्यातलं हे एक.

द्वादशीपासून कान तुटलेल्या भगोण्यात दोघांपुरती भाजी शिजायला लागली. नुसत्या ज्वारीच्या दोन भाकरी जास्त पडायला लागल्या. कोणी हूं की चूं केलं नाही. काल जे वेगळं जेवण लाडावलेपणाचं होतं ते आज सोवळ्याचं झालं होतं. इतकंच नव्हे, व्रताचं माणूस म्हणून सासूबाईंनी तिला पाण्याच्या खेपांतून सोडवलं आणि त्या खेपा मला लावल्या. त्या मी इतक्या आनंदानं भरल्या की सासूबाईंना संशय आला.

श्रावण संपता संपता तिच्या चेहऱ्यावरचा फुगवटा गेला. भाद्रपदात ती उताणी निजायला लागली. दसऱ्याच्या सुमाराला घोट्यांची हाडं दिसली. ती मला बोलावून आपले पाय दाखवायची, जशा पोरी नवी चोळी दाखवतात. एक दिवस सासूबाईंनी देवघरातून जोडवी आणली आणि स्वतः तिच्या बोटांत घातली. अलगद गेली. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवनं ऐकं," त्या म्हणाल्या. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. मला वाटलं, सुटलो.

कार्तिकी एकादशी जवळ आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की नेम धरला की तो सोडावाही लागतो. सोडलेली वस्तू दान करायची आणि मग आपण खायची. न खाल्ली तर नेम अपुरा. मी धीर करून सासूबाईंकडे गेले आणि म्हटलं, वहिनींचा नेम असाच पुढे चालू राहिला तर बरं होईल. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं.

"डाक्टरनं नही, देवनं बरं करं," त्या म्हणाल्या. "नेम पुरा झाया. सवाशीननी जनमभर अळणी खावानं नही. घरधनीले बरं नही."

जन्मभर अळणी खाणारी बाई म्हणजे विधवा, नाहीतर जोगीण. नवरा जिवंत असताना तसं जेवायचं म्हणजे त्याच्या मरणाची तयारी. मोठे दीर तिथेच बैलांच्या कासऱ्याला गाठ मारत बसले होते. त्यांनी दुसरी गाठ मारायला घेतली. मी जावेकडे गेले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आखाजीले माहेर जासू, तठे माय मन्हाकरता अळणी रांधी." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या सगळ्या लेकी माहेरी जातात. तिथं लेकीसाठी वेगळं भगोणं चढवलं तर कोणी नावं ठेवत नाही. पण आखाजी वैशाखात, आणि हा होता कार्तिक.

द्वादशीला उद्यापन थाटात झालं. परातभर मीठ देवळात दान दिलं. जेवणाच्या पंगती उठल्या. सासूबाईंनी जावेला पाटावर बसवून, कळण्याच्या भाकरीचा आणि वांग्याच्या भरताचा पहिला घास आपल्या हातानं भरवला. तिनं डोळे मिटून चावला. इतक्या महिन्यांनी जिभेला मीठ लागल्यावर तिला किती बरं वाटलं असेल. तीही माणूसच होती.

"गोड लागनं व माय," ती म्हणाली. सगळ्या बायका हसल्या.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फार नाही. भगोण्यात पुन्हा एकट्या आबांची भाजी शिजायला लागली आणि पाण्याच्या खेपा तिच्याकडे परत गेल्या. पौषात जोडवी रुतली. माघात काढली. तिच्या थेंबांची बाटली संपली की आबांची संपेपर्यंत थांबायचं, कारण जळगावहून एका खेपेत दोन्ही आणता येत. मी आमच्या ह्यांच्यापाशी हट्ट धरला. ते एकदा जाऊन आणून आले आणि त्यावरून घरात बायकोचे बैल ठरले. शिमगा झाल्यावर बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, दिवस आले. भिजवून आंबवलेल्या ज्वारीचं पीठ मोठ्या हंड्यात शिजवायचं आणि घट्ट होईपर्यंत लाकडी घाट्यानं घोटत राहायचं. भल्या धट्ट्याकट्ट्या बायकांचे खांदे भरून येतात. तिच्या हातच्या बिबड्यांना गावात नाव होतं. मी तिच्या हातून घाटा काढून घेत होते आणि सासूबाई म्हणत होत्या, तुला नाही जमायचं, गाठी होतील. झाल्याही.

आखाजी आठवड्यावर आली. दोंडाईच्याहून तिचा भाऊ तिला न्यायला यायचा होता. तिनं गाठोडं बांधून ठेवलं होतं. बिबड्यांचा शेवटचा हंडा उतरवून ती भिंतीला टेकून बसली. आम्हाला वाटलं, दम खातेय. मी पाणी घेऊन गेले तेव्हा तिचा हात घाट्यावर होता आणि डोळे अर्धे उघडे होते. पाणी तोंडात गेलं नाही.

सवाष्ण मेली म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. जोडवी काही केल्या जाईनात. सासूबाईंनी ती दोऱ्यानं तिच्या बोटांना बांधली. बांधताना त्या मोठ्यानं रडत होत्या. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. भाऊ आला तो तिसऱ्या दिवशी. त्याला मी गाठोडं दिलं.

भगोणं माझ्याकडे आलं.

पुढच्या थंडीत जळगावचे डॉक्टर आबांना बघायला आले. मी चहा घेऊन दाराआड उभी होते. त्यांनी नळी लावली, पाय दाबून पाहिले, आणि खूश झाले. म्हणाले, "आबा, तुमच्यासारखं पथ्य पाळणारा रोगी मला दुसरा भेटला नाही. तुमच्या सूनबाईंना मी तेच सांगितलं होतं. पण बायकांच्या जिभेला आवर नसतो."

आबांनी मान हलवली. ती कशाला हलवली ते कळलं नाही. माझा इतका संताप झाला की कपातला चहा बशीत सांडला. तो तसाच आत नेऊन मी तोंडावर पाणी मारलं.

दुपारी मी आबांचं ताट ओसरीवर नेलं, खाली ठेवलं आणि वळले. मागून खाकरल्याचा आवाज आला. पाणी तर मी आधीच ठेवलं होतं. आबा ताटाकडे बघत होते. आजवर त्यांनी माझ्याशी एक शब्दही उच्चारला नव्हता.

"मोठीकरता कोण रांधे?" त्यांनी विचारलं.

मी पदर आणखी पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उत्तर दिलं. "तीच."

"अळणी?"

"नाही. तुमचं अळणी ती रांधायची. स्वतः आमच्यातलं खायची."

भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात तसाच होता. मग म्हणाले, "माले कोणी सांगं नही."

मी म्हणाले, "तुम्ही इचारं नही, आबा."

एवढं बोलून मी आत आले. आता आरडाओरडा होईल, सासूबाईंना हाक जाईल, मला धुळ्याला पोचवतील, असं वाटलं. काही झालं नाही. थोड्या वेळानं मी ताट उचलायला गेले. आबांनी रोजच्यासारखं साफ केलं नव्हतं. अर्धी भाकरी आणि अर्धी भाजी एका बाजूला नीट सारून ठेवली होती, कोणासाठी तरी काढून ठेवावी तशी.